नव्वद रुपयांची झरणी

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं जेवणाच्या पंक्तीला एक लहानसा वाद झाला. थोरल्या चिरंजीवांची कन्या आठवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, आणि तिचें अक्षर हा वादाचा विषय होता. अक्षर वाईट आहे याविषयीं मतभेद नव्हता, कारणाविषयीं होता. सूनबाई म्हणाल्या, हल्लीं शाळेंत पुरेसें लिहूनच घेत नाहींत. चिरंजीव म्हणाले, हल्लीं अक्षराला विचारतो कोण? मुलगी मात्र एवढेंच म्हणाली, कीं अर्धा तास लिहिलें म्हणजे आंगठा दुखतो. मीं तिचा हात पाहिला. मधल्या बोटाच्या पेराशीं घट्टा पडला होता.

दुसऱ्या दिवशीं मालवणच्या बाजारपेठेंत जाऊन मी नव्वद रुपयांचें एक शाईचें पेन आणि निळ्या शाईची एक बाटली घेऊन आलों. घरांत हंशा पिकला. "आजोबा, शाईचें पेन म्हणजे हौस. ती नव्वद रुपयांत कशी भागणार?" असें नातीनें विचारलें. प्रश्न थट्टेचा खरा, परंतु त्यांत आजच्या काळची सगळी समजूत आली. शाईचें पेन म्हणजे मखमलीच्या पेटींतून भेट द्यावयाची आणि कपाटांत ठेवावयाची वस्तु. आणि स्वस्त शाईचें पेन म्हणजे निळीं बोटें, डागाळलेला खिसा आणि मनस्ताप. या दोन्ही समजुती मला चुकीच्या वाटतात. घरचा जमाखर्च, पत्रें, मुलांचा अभ्यास, वाण्याची यादी, पोथीवरून उतरून घेतलेलीं स्तोत्रें, अशा रोजच्या लिहिण्याला स्वस्त पेन पुरतें. तें पुरत नाहीं असें जेव्हां वाटतें, तेव्हां बहुधा दोष पेनाचा नसतो. तें वापरण्याची रीत ठाऊक नसते. हें मी गुरुजीच्या अधिकारानें सांगत नाहीं. ती रीत मला स्वतःला फार उशिरां कळली, आणि त्या उशिराची किंमत एका मुलानें दिली. तें पुढें सांगेन.

लिहिण्याच्या साधनांविषयींची बेफिकिरी ही आपली जुनी चाल नव्हे. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळें आणि सरळ असावें, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखें असावें, इतकें सांगून ते थांबत नाहींत. देशोदेशींचे बोरू जमवावे, ते तोडण्याच्या तऱ्हा शिकाव्या, येथपर्यंत त्यांचें लक्ष आहे. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, म्हातारपणीं तें आपल्यालाच उपयोगी पडत नाहीं, असाही एक इशारा त्यांत आहे. माझ्या पंचविशींतल्या टिपणवह्या आज भिंग घेऊन वाचतांना तो मला रोज आठवतो.

बोरूमागून टांक आला. टांकाला दर चारसहा शब्दांनीं दौतींत बुडी मारावी लागे. शाई पेनाच्या पोटांत भरून ठेवावी ही कल्पना जुनीच. पण ती शाई हवी तेव्हां, हवी तेवढीच कागदावर उतरावी कशी, हा खरा प्रश्न होता. न्यूयॉर्क येथील लुई वॉटरमन यानें १८८४ सालीं त्याचा व्यवहारांत टिकणारा तोडगा काढून त्याचा हक्क नोंदविला. विम्याच्या करारावर शाई सांडून गिऱ्हाईक हातचें गेलें म्हणून त्यानें हें पेन शोधलें, अशी एक रसाळ कथा सांगतात. तिला विश्वसनीय आधार मात्र नाहीं. आपल्याकडे भाषाशुद्धीच्या चळवळीच्या काळांत या पेनाला 'झरणी' असें नांव पुढें आलें. तें रुळलें नाहीं, ही हळहळीची गोष्ट आहे. कारण पेनाचें सगळें मर्म त्या एका शब्दांत आहे. झरावें, गळूं नये.

पहिलीं चांगलीं पेनें परदेशीं आणि महाग. ती परिस्थिति पालटली ती स्वदेशीच्या भरांत. आंध्रांतील राजमहेंद्री येथें रत्नम् यांनीं १९३२ सालीं देशी पेनांचा कारखाना काढला, आणि त्यांचें पेन वापरून पाहून गांधीजींनीं १९३५ सालीं वर्ध्याहून त्यांना समाधानाचें पत्र पाठविलें. आम्हां मराठी घरांना याहून जवळची गोष्ट दांडेकरांची. दिगंबर परशुराम दांडेकर यांनीं बंधूंसह १९३१ सालीं मुंबईस गिरगांवांत शाईची पूड आणि शाईच्या गोळ्या करण्यास आरंभ केला. त्यांवर घोड्याची छाप होती. पुढें पेनांची शाई निघाली ती उंटाच्या छापाची; 'कॅमल' आणि 'इंक' या दोन शब्दांवरून 'कॅम्लिन' हें नांव झालें. २०११ सालीं या कंपनीचा मोठा वाटा जपानच्या कोकुयो कंपनीनें घेतला. तरीही मालवणच्या दुकानांत शाई मागितली तर दुकानदाराचा हात अजून उंटाकडेच जातो.

माझ्या विद्यार्थिदशेंत, म्हणजे १९७० च्या आगेंमागें, तिसरीपर्यंत पाटी, चौथीला टांक आणि पांचवीला पेन असा चढता क्रम होता. पेन मिळणें ही जवळजवळ दुसरी मुंजच. बॉलपेनानें अक्षर बिघडतें म्हणून त्याला शाळेंत मज्जाव होता. (हेंच बॉलपेन १९४५ सालीं न्यूयॉर्कच्या दुकानांत प्रथम विक्रीस आलें तेव्हां त्याची किंमत साडेबारा डॉलर होती, आणि तें विकत घेण्यासाठीं झुंबड उडाली होती. हौस कोणती आणि गरज कोणती हें काळावर अवलंबून असतें.) शाई वाण्याकडे सुटी मिळे. तो ड्रॉपरनें आपल्या डोळ्यांदेखत पेनांत भरी; जितके पैसे तितके थेंब. डाग पडला तर टिपकागद श्रीमंतांचा. आम्ही फळ्याजवळचा खडूचा तुकडा त्यावर लोळवीत असूं.

आतां त्या मुलाची गोष्ट. १९८६ सालीं मी तालुक्यांतील एका शाळेंत सातवीच्या वर्गावर होतों. मार्गशीर्षाचे दिवस होते. आमच्याकडे थंडी ती कसली, पण सकाळच्या प्रहरीं वर्गाची फरशी गार लागे आणि मुलें जमिनीवरच बसत. शाळेची तपासणी जवळ आली होती, म्हणून निबंधाच्या वह्या स्वच्छ ठेवण्याविषयीं मीं वर्गाला बजावलें होतें. एका मुलाच्या वहींत, ऐन निबंधाच्या मध्यावर, रुपयाएवढा निळा डाग पडला. मुलाचे वडील मासेमारीच्या होडीवर खलाशी होते, आणि पेन थोरल्या भावाच्या हातून आलेलें, जुनें होतें. "गुरुजीनु, मी काय्येक करूक नाय, शाय आपणच गळली," असें तो म्हणाला. मीं ऐकून घेतलें नाहीं. निष्काळजीपणा आणि वर खोटें बोलणें, असे दोन अपराध त्याच्या माथीं मारून मीं त्याला वर्गाबाहेर उभें केलें, आणि वर्ष संपेपर्यंत त्यानें पेन्सिलीनेंच लिहावें असें फर्मावलें. सातवींतल्या मुलाच्या हातीं सगळ्या वर्गादेखत पेन्सिल देणें ही काय शिक्षा आहे, हें त्या पिढीच्या वाचकांना सांगावयास नको.

मुलगा खरें बोलत होता. हें मला २०१८ सालीं, निवृत्त झाल्यावर कळलें.

त्या वर्षीं एका पौषांतल्या सकाळीं मी जमाखर्च लिहावयास बसलों. पेन रात्रभर खिडकीच्या गार कट्ट्यावर पडलें होतें आणि त्यांतली शाई तळाला आली होती. चारपांच ओळी लिहून होतात न होतात तोंच एक टपोरा थेंब आपण होऊन वहीवर उतरला. पेन झटकलें नव्हतें, दाबलें नव्हतें. मीं तें पुसलें, शाई पूर्ण भरली आणि दुसऱ्या दिवशीं तेथेंच ठेवून पुन्हां लिहिलें. थेंब पडला नाहीं. तिसऱ्या दिवशीं मुद्दाम शाई काढून टाकून नळी तीन चतुर्थांश रिकामी ठेवली, थेंब पडला. तेव्हां प्रकाश पडला.

पेनाची घडण पाहिली म्हणजे हें सहज कळतें. टोंकाखालीं काळ्या रंगाची एक पट्टी असते. तिला आपल्याकडे जीभ म्हणतात. जिभेवर केसासारखी बारीक खांच असते. तिच्यांतून शाई खालीं येते, आणि जितकी शाई उतरली तितकी हवा त्याच वाटेनें वर जाऊन नळींत रिकामी जागा भरते. ही देवघेव सारखी चालली तोंवर पेन झरतें. आतां नळींत शाई थोडी आणि हवा फार असली, पेन गार असलें, आणि तें मुलाच्या उबदार मुठींत आलें, तर आंतली हवा तापून फुगते. तिला बाहेर पडण्यास वाट एकच, आणि त्या वाटेवर शाई उभी. हवा दहा अंशांनीं तापली तर सुमारें तिसाव्या भागानें फुगते. नळींत दोन मिलिलिटर हवा धरली तर थेंबाहून कांहीं अधिक शाई बाहेर ढकलली जाण्यास एवढें पुरेसें आहे. जीभ चांगली असेल तर तिच्या बाजूच्या खांचा थोडी जास्तीची शाई धरून ठेवतात; जुन्या, स्वस्त पेनाच्या जिभेला तेवढी पोच नसते.

त्या मुलाचें पेन नेहमींच तळाला असे, कारण घरून शाईला मिळत दहा पैसे. दहा पैशांत नळी भरत नसे. म्हणजे ज्याच्याजवळ शाईला पैसे कमी, त्याच्याच वहींत डाग पडणार, हें ठरलेलें. आणि उष्णतेनें वायु प्रसरण पावतो हा धडा मी दरवर्षीं शिकवीत होतों. उदाहरण देत असें तें उन्हांत ठेवलेल्या सायकलच्या ट्यूबचें.

म्हणून ड्रॉपरनें भरावयाचें पेन ज्यांच्या घरीं असेल त्यांना माझी पहिली विनंति अशी, कीं तें कांठोकांठ भरावें, आणि शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली कीं संपण्याची वाट न पाहतां पुन्हां भरावें. सकाळीं गार पेन हातीं घेतलें तर टोंक वर करून मिनिटभर मुठींत धरावें. हवा वरच्या बाजूला असल्यामुळें ती शाईला न ढकलतां निघून जाते. आटे सैल वाटल्यास त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्यावा. आम्ही पूर्वीं मेण लावीत असूं. विमानप्रवासांत पेन एक तर पूर्ण भरलेलें असावें किंवा पूर्ण रिकामें. तेथें उष्णतेऐवजीं हवेचा दाब बदलतो, परिणाम तोच. साठ मिलिलिटरच्या बाटलींत असें पेन वीसएक वेळां भरतें, तेव्हां शाईची काटकसर करण्याचें कारण उरत नाहीं.

पेन घेतांना रंगरूप न पाहतां टोंक पाहावें, आणि आपली वही बरोबर न्यावी. दुकानदाराच्या गुळगुळीत चिठोऱ्यावर सगळींच पेनें सुरेख चालतात. टोंकाच्या दोन्ही फांका एका पातळींत आहेत कीं नाहींत हें भिंगानें दिसतें. मग शाईंत बुडवून न दाबतां इंग्रजी आठाचा आंकडा काढावा आणि 'क्ष' व 'ळ' लिहून पाहावे. कोणत्याही वळणावर टोंक खरवडलें तर तें पेन सोडून द्यावें. आपल्या बाळबोध अक्षराला बारीक टोंकच बरें. जाड टोंकानें जोडाक्षरांचीं पोटें भरून येतात आणि अनुस्वार मात्रेला चिकटतो. टोंकावर 'इरिडियम' असें कोरलेलें असतें त्याला फार भुलूं नये. हल्लीं तेथें बहुधा दुसऱ्याच कठीण धातूंचें मिश्रण असतें, आणि तेंही चांगलें टिकतें. लेखणी परक्या हातीं गेली कीं गेली, असें जुनें सुभाषितकार सांगतात. पेन आपल्या हाताला 'वळतें', दुसऱ्यानें लिहिलें तर बिघडतें, ही समजूत मात्र मला अतिशयोक्त वाटते. बिघडतें तें दाबल्यानें. बॉलपेनाची शाई दाट असते, म्हणून तें उभें धरून रेटावें लागतें. तीच संवय घेऊन माणूस शाईचें पेन उचलतो आणि फांका फाकवून परत देतो.

आमच्या नातीनेंही पहिल्या आठवड्यांत तेंच केलें. बोटें निळीं, फ्रॉक निळा, आणि टोंक चिमणीच्या उघड्या चोंचीसारखें. तें मीं नखानें हळूच बसविलें आणि तिला सांगितलें, कीं पेन कागदावर नुसतें टेकवावयाचें, थोडें तिरपें धरावयाचें. लिहिण्याचें काम शाईचें आहे, आंगठ्याचें नव्हे. गणेशचतुर्थीपर्यंत आंगठ्याची तक्रार थांबली होती. अक्षर सुंदर झालें असें म्हणवत नाहीं. वाचतां येतें.

शाईविषयीं एक सावधगिरी. आमच्या घरच्या पोथ्या काजळी आणि डिंक यांच्या शाईनें लिहिलेल्या आहेत. त्या शाईचा काळेपणा शतकें लोटलीं तरी उतरत नाहीं, कारण काजळीवर उजेडाचा परिणाम होत नाहीं. पण ती शाई, किंवा तिची आजची बहीण जी चित्रकलेची न धुपणारी काळी शाई, ती झरणींत कदापि घालूं नये. जिभेची खांच कायमची बुजते. उलट नेहमींची निळी शाई पाण्यानें धुऊन जाते आणि उजेडानें फिकी पडते. म्हणून पाकिटावरचा पत्ता, धनादेश, दस्तऐवज यांना ती वापरूं नये. पोस्टमन आषाढांत भिजतच येतो, आणि भिजलेला निळा पत्ता ब्रह्मदेवालाही वाचतां येणार नाहीं. मागें कार्बन ठेवून लिहावयाचें असेल तर बॉलपेनच हवें. दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिणाऱ्या गृहिणींनीं पेन्सिल सोडूं नये. तें पंचांग सुरू करणारे जयंतराव साळगांवकर आमच्या मालवणचेच, पण भिंतीवर आडवें धरून शाई झरविण्याची सोय त्यांच्याही हातीं नव्हती.

समुद्रकांठच्या वाचकांना पावसाळा हा निराळाच अध्याय आहे. आमच्याकडे मिरगापासून कागद ओल धरतो, आणि वैशाखांत ज्या वहीवर अक्षर रेखीव उठतें, त्याच वहीवर श्रावणांत शाई फुटून प्रत्येक काना केसाळ होतो. याला उपाय म्हणजे वह्या पत्र्याच्या पेटींत ठेवाव्या, लागेल तेवढीच बाहेर काढावी, आणि पेन अधिक बारीक घ्यावें. खाऱ्या हवेनें स्वस्त पेनाची खिशाला अडकविण्याची पट्टी एका पावसाळ्यांत गंजते; त्याचें दुःख करूं नये. टोंक गंजूं नये म्हणून मात्र पेनांत शाई वाळूं देऊं नये. महिन्यांतून एकदां साध्या पाण्यानें धुवावें. कढत पाणी नको, स्पिरिट तर नकोच. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन, टोंक खालीं करून फडक्यावर रात्रभर ठेवावें. पेनांतली उरलेली शाई पुन्हां बाटलींत ओतूं नये. बाटलीला बुरशी येते ती बहुधा तेथूनच.

तो मुलगा आतां पन्नाशीला आला. किल्ल्याकडे पर्यटक नेणारी एक होडी आणि चार खोल्यांचें न्याहारी-निवास असा त्याचा व्यवसाय आहे. रस्त्यांत भेटला म्हणजे नेहमीं वांकून नमस्कार करी, आणि तो नमस्कार २०१८ नंतर मला घेववत नसे. गेल्या कार्तिकांत धीर करून मी त्याच्याकडे गेलों, खुर्चीवर बसलों आणि सगळें सांगितलें. त्या दिवशींचा डाग, गार फरशी, दहा पैशांची शाई आणि माझी चूक. "गुरुजीनु, तां आता कित्याक काढतास?" असें तो हंसत म्हणाला. पण तो तें विसरला नव्हता. वहीचें पान कोणत्या बाजूचें होतें हेंही त्यानें सांगितलें. आठवीपासून आपण शाईचें पेन कधीं विकत घेतलें नाहीं, असें तो चहा ओततां ओततां म्हणाला, आणि मग विषय बदलून भरतीच्या वेळांविषयीं बोलूं लागला.

निघतांना मीं नव्वद रुपयांचें दुसरें पेन त्याच्या गल्ल्यावर, पाहुण्यांच्या नोंदवहीपाशीं ठेवलें. कांठोकांठ भरून नेलें होतें. त्यानें हात लावला नाहीं, नकोही म्हटलें नाहीं.

मागच्या आठवड्यांत त्याचा मुलगा घरीं येऊन निरोप सांगून गेला. पेन बरें चालतें, शाई अर्ध्यावर आली आहे, बाटली कोठली घ्यावी म्हणून बाबांनीं विचारलें आहे.